मागेल त्याला बंदूक?

(जिल्हा बैठकीत बंदूक परवान्याच्या ठरावावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी दोन तालुक्यांनी मिळून मांडलेला ठराव आपण सर्वांनी ऐकला. त्याचे दोन भाग आहेत. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला मागेल त्या शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळावा, हा पहिला. कापसाचे पैसे घेऊन रात्री गावाकडे येणाऱ्या शेतकऱ्याला पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना मिळावा, अमेरिकेत मिळतो तसा, हा दुसरा. टाळ्या दोन्ही भागांना पडल्या, दुसऱ्याला जरा जास्त पडल्या. मी पहिल्या भागात दुरुस्ती सुचवायला आणि दुसऱ्याला विरोध करायला उभा आहे. तेव्हा टाळ्यांची अपेक्षा न ठेवता बोलतो.

रानडुकराचे गाऱ्हाणे मी तुम्हाला काय सांगणार? ज्वारी हुरड्यावर आली की एका रात्रीत कळप शेतात शिरतो. खातो थोडे आणि लोळून पाडतो जास्त. रोही कपाशीचे शेंडे आणि पात्या खुडून नेतो, तुरीची तीच गत. ज्वारीला भाव नाही म्हणून आपण ज्वारी सोडली, असे विद्यापीठातले माझे जुने मित्र परिसंवादात सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कारण रात्री येते आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. नोव्हेंबरच्या थंडीत माळ्यावर जागल करणाऱ्या माणसाच्या झोपेची किंमत ज्वारीच्या उत्पादन खर्चात कोणी धरली आहे काय? सुतळी बॉम्बला कळप चार दिवसांत सरावतो. झटका मशीन चालते, पण सगळ्यांना परवडत नाही. मग कोणीतरी तारेला थेट लाइनवरून वीज सोडतो आणि सकाळी त्या तारेवर डुकराच्या ऐवजी शेजाऱ्याचा पोरगा सापडतो. म्हणून बंदुकीची मागणी उगाच आलेली नाही, हे पहिल्यांदा कबूल करतो.

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. काकांच्या नावावर परवाना होता. त्या बंदुकीने डुकरे किती मेली हे विचारू नका. बार काढला की कळप महिनाभर वाट बदलायचा, एवढे मात्र खरे. पुढे काका थकले, परवान्याच्या नूतनीकरणासाठी तीन वेळा हेलपाटे घातले आणि चौथ्या वेळी बंदूकच ठाण्यात जमा करून आले. काकांनंतर मी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला नाही आणि नामंजूरही झाला नाही. नुसता पडून राहिला. तुमच्यापैकी कितीजणांचा अनुभव असाच आहे, हात वर करा. पाहा, निम्मा मंडप आहे.

मागच्या रांगेतून एका तरुण मित्राने चिठ्ठी पाठवली आहे. "आपण लायसेन्स-परमिट राज मोडा म्हणतो, मग बंदुकीलाच परमिट कशाला?" प्रश्न चोख आहे. १९७२ साली या राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. आपण पिकवलेला कापूस दुसऱ्या राज्यात विकायला नेला तर तो गुन्हा! नाक्यावर गाड्या अडवल्या जात. आपले बाप त्याविरुद्ध लढले, आणि बरोबर लढले. माझा कापूस मी सीमेपलीकडे विकला तर शेजाऱ्याच्या जिवाला काही होत नव्हते. बंदुकीचे तसे नाही. झुडपात खसफस झाली म्हणून बार काढला आणि माणूस निघाला, अशा बातम्या कोकणातून अधूनमधून येतातच. ज्या वस्तूच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो तिला काही नियम असावा, हे मी मानतो. खरा प्रश्न पुढे आहे. तो नियम नियमाने चालणार की साहेबाच्या मर्जीने?

अमेरिकेतला वाद नेमका इथेच आहे, आणि आपल्या पोरांना मोबाईलवर दिसतो त्यापेक्षा तो खोल आहे. तिथल्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती आहे. तरीही न्यूयॉर्क राज्यात १९११ पासून लपवता येईल अशा हत्यारासाठी परवाना लागे आणि ते अंगावर बाळगायचे तर 'योग्य कारण' दाखवावे लागे. कारण योग्य की अयोग्य हे ठरवणार अधिकारी. याउलट फ्लोरिडाने १९८७ साली कायदा केला की ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना द्यायचाच, अधिकाऱ्याने मनचे काही बघायचे नाही. एक पद्धत 'देऊ शकेल' ची, दुसरी 'देईल' ची. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची 'योग्य कारणा' ची अट रद्द केली. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत पिस्तूल झाकून बाळगायला परवानाच लागत नाही.

'देऊ शकेल' मध्ये काय होते याचा एक दाखला मला विसरता येत नाही. जानेवारी १९५६ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आत बायको आणि तान्ही मुलगी होती. किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. आता सांगा, यापेक्षा योग्य कारण कोणते असू शकते? पुढे त्यांनी स्वतःच हत्यार नको असे ठरवले, तो त्यांचा मोठेपणा. पण अर्ज नाकारणाऱ्याने माणसाची गरज पाहिली नाही, कातडी पाहिली. आपल्याकडेही १८७८ साली लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा झाला तो याच जातीचा. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती आणली. ती मान्य झाली नाही. आपल्या घटनेने जमण्याचा हक्क दिला तो शांततेने आणि विनाशस्त्र. आज आपण या मंडपात बसलो आहोत तेही त्याच हक्काने.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका, कारण अर्ज लिहून देणाऱ्यांनाही ती बहुधा माहीत नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना नागरिकाने मागितला तर अधिकारी तो 'देईल' असे तिथे लिहिले आहे. 'देऊ शकेल' असे लिहिलेले नाही. ठासणीची पुरेशी नाही अशी खात्री पटली तर वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. १४ व्या कलमात नाकारण्याची कारणे आहेत, त्यात सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता हे मोठे पोते आहे, त्यात काहीही भरता येते. पण त्याच कलमात असेही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. आणि नाकारला तर कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, मागितल्यावर अर्जदाराला थोडक्यात कळवली पाहिजेत. त्यावर १८ व्या कलमाखाली अपील आहे. म्हणजे अमेरिकेत ज्यासाठी शंभर वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, ते आपल्या शेतकऱ्याला पिकाच्या बंदुकीपुरते कागदावर आधीच मिळालेले आहे. आणि कागदावरच राहिले आहे, कारण न नाकारता अर्ज दाबून ठेवला की लेखी कारण द्यावे लागत नाही आणि अपीलही होत नाही. माझा अर्ज पडून का राहिला हे मला हे कलम वाचल्यावर समजले.

पिस्तुलाची तरतूद वेगळी आहे. तिथे अधिकाऱ्याला 'चांगले कारण' पटले पाहिजे, म्हणजे न्यूयॉर्कसारखेच. परिणाम तुम्हाला दिसतोच. कमरेला पिस्तूल कोणाच्या असते? चार गाड्या घेऊन फिरणाऱ्याच्या. कापसाच्या पैशाची पिशवी सीटखाली घालून येणाऱ्याच्या कमरेला मी तरी पाहिलेले नाही.

मग आपल्यालाही पिस्तूल द्या, असे का म्हणू नये? कारण मी आकडे पाहिले आहेत. अंगावर हत्यार असणारे वाढले की गुन्हे कमी होतात, असे जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने १९९८ च्या पुस्तकात मांडले. त्याची तिकडे फार चर्चा झाली. २००४ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सगळे पुरावे तपासले आणि हे सिद्ध होत नाही, उलटही सिद्ध होत नाही, असे सांगितले. नंतर २०१९ साली डोनोह्यू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांच्या हिशेबाने अशा कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे तेरा ते पंधरा टक्क्यांनी जास्त निघाले. अर्थतज्ज्ञ भांडतात तेव्हा मी बाजूला उभा राहतो. पण एका आकड्यावर त्यांच्यात भांडण नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यातली २६,३२८ माणसे दुसऱ्या कोणी मारलेली नव्हती. त्यांनी स्वतःचा जीव घेतला होता.

हा आकडा वाचून मी कागद खाली ठेवला. आपल्या जिल्ह्यात तो वाचून कोणीही कागद खाली ठेवील.

मी कृषी पदवी घेऊन पहिली काही वर्षे गावोगाव फवारणीचे सल्ले देत फिरलो. कोणत्या अळीला कोणते औषध, किती मिली, हे माझे काम. एका वर्षी बोंडे सडली, आणि मी सल्ला दिलेल्या एका शेतकऱ्याने मीच सांगितलेला डबा घरात होता त्याने रात्री जीव द्यायचा प्रयत्न केला. बायकोला जाग आली. बैलगाडी, मग जीप, मग दवाखाना. तो वाचला. आज त्याची मुलगी शिकते आहे. तो या मंडपात बसला असेल किंवा नसेल, मी सांगणार नाही. पण त्याला जे मिळाले ते चार-पाच तास मिळाले. बायकोला जाग येण्याइतके आणि जीप सापडण्याइतके. बंदूक हे तास देत नाही. तिच्याने केलेल्या दहा प्रयत्नांत जवळपास नऊ जीव जातात. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. तेवढ्यात कर्ज काही निम्मे झाले नव्हते. त्या एका रात्री हाताशी काय आहे यावर इतके अवलंबून असते. कर्जाची नोटीस आलेल्या घरात, उशाशी, भरलेले पिस्तूल ठेवायला सांगणारा ठराव या संघटनेने करावा काय? माझे मत नाही असे आहे. पैशाचे म्हणाल तर कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला पाहिजे असा आग्रह धरू. रस्त्यावरच्या लुटारूपेक्षा तो उपाय स्वस्त आहे.

अंगावर पिस्तूल नको असे मी म्हणतो, त्यावर आणखी एक विचारले जाईल. पिकाची बंदूकही घरातच राहणार ना? राहणार. म्हणूनच ती घरोघर असावी असे मला वाटत नाही. पिकाच्या बंदुकीच्या मागे आणखी एक दार आहे, वन खात्याचे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. (रोह्याचे दुसरे नाव नीलगाय पडले म्हणून काहींचा हात थरथरतो. तो कुरंग जातीचा प्राणी आहे.) उभ्या पिकाला धोका झालेल्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी ११ व्या कलमाखाली मिळू शकते, पण ती लेखी घ्यावी लागते. नाहीतर पीक वाचते आणि माणूस कोठडीत जातो. केरळ सरकारने २०२२ साली हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षापर्यंत खाली आणला आणि परवानाधारक माणसाकडून त्रास देणारे रानडुक्कर मारून घ्यायची वाट केली. गावात शंभर बंदुका लागत नाहीत. निवडलेले, शिकलेले, डोळे आणि डोके शाबूत असलेले दोन-तीन परवानाधारक पुरतात. निवड ग्रामसभेत झाली तर गावाला माहीत असते की कोणाच्या घरात सध्या बंदूक ठेवू नये. हे साहेबाला कळत नाही, गावाला कळते.

आणखी एक बारीक गोष्ट. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे जमा करायला सांगतात. कोणाचे हत्यार घ्यायचे हे छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवायचे असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सरसकट निरोप येतो. विधानसभेचे मतदान २०१९ साली २१ ऑक्टोबरला झाले, २०२४ साली २० नोव्हेंबरला. ज्वारी पोटरीवर, कापूस वेचणीला आणि बंदूक ठाण्यात! डुकराला आचारसंहिता नसते.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. ठरावाचा दुसरा भाग गाळावा. पहिल्या भागातले 'मागेल त्याला' हे शब्द काढून तिथे लिहावे, की १३ व्या कलमाखाली आलेल्या प्रत्येक अर्जावर मुदतीत निर्णय व्हावा आणि नकार लेखी मिळावा. पीक राखणीच्या हत्यारांबाबत निवडणुकीत सरसकट आदेश न देता छाननी व्हावी. आणि वन खात्याची परवानगी गावपातळीवर मिळावी.

ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी पोचपावतीची झेरॉक्स घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावे. मंचाच्या डाव्या बाजूला टेबल लावले आहे. पावती नसेल तर अर्जाची तारीख आणि कोणत्या खिडकीवर दिला एवढे कागदावर लिहून आणा. माझा अर्ज मी सर्वात वर ठेवला आहे.