सुगम इमारतींचे नियम आणि आपली सही



आज एकाच विषयावर बोलतो: दिव्यांगांसाठी इमारती सुगम करण्याचे नियम आपण वाचावेत कसे आणि सुधारावेत कसे.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ सांगतो की, सुगमतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. मात्र २०१७च्या नियमावलीतील नियम १५ने ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला दिला, त्यांची भाषा बहुतांशी शिफारशीची राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. ज्यांत तडजोड चालणार नाही अशी मानके वेगळी काढून तीन महिन्यांत बंधनकारक करा, असा आदेश केंद्राला दिला. हा निकाल आपण प्रत्येकाने मुळातून वाचावा.

तडजोड म्हणजे काय, ते दारापाशी कळते. केंद्राची २०२१ची सुगमता मानके दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर मागतात. आपल्या नकाशात तोच आकडा अनेकदा चौकटीच्या बाहेरच्या मापाला लिहिला जातो. दोन्हीकडची चौकट आणि उघड्या दाराची जाडी वजा केली, की साडेसातशेच्या आसपास उरतात. तेवढ्यातून चाकांची खुर्ची कशीबशी गेली, तरी चाक ढकलणारे हात सोलवटतात. स्वच्छतागृहाचे दार आत उघडत असेल आणि माणूस खुर्चीवरून पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते. मदतीला कोणाला आत जाता येत नाही.

उताराचेही तसेच. १:१२ या प्रमाणाने ६० सेंटिमीटर जोत्याला ७.२० मीटर उतार लागतो. वर आणि खाली खुर्ची वळवायची जागा वेगळी. ही जागा इमारत उभी राहिल्यावर कोठून आणणार? जोत्याची उंची ठरते त्याच दिवशी ती राखावी लागते.

म्हणून कलम वाचताना विचारावे: फाटकापासून कामाच्या टेबलापर्यंत, आणि आग लागली तर तिथून बाहेर, दिव्यांग माणूस सुखरूप पोहोचेल का? या वाटेवर एक पायरी आडवी आली, तरी नियम पाळला गेला असे म्हणता येत नाही.

सुधारणेचा विचारही याच वाटेने व्हावा. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. आपली कल्पना मात्र अजून चाकांच्या खुर्चीपाशीच थांबते. कर्णबधिराला आगीचा इशारा दिव्याने मिळायला हवा, अंधाला लिफ्टने मजला बोलून सांगायला हवा, अल्पदृष्टी असलेल्याला पायरीची कड वेगळ्या रंगात दिसायला हवी. या गरजा ज्यांच्या आहेत, ते लोक मसुदा लिहिला जात असतानाच समितीत बसलेले हवेत. छापून झाल्यावर हरकती मागवून भागणार नाही.

सरकार आपले काम करील तेव्हा करील. आपल्या हातातले आपण आजपासून करू शकतो. नकाशात मोकळी रुंदी लिहू. जोत्याबरोबरच उतार आखू. भोगवटा प्रमाणपत्राआधी दिव्यांग वापरकर्त्यांबरोबर संपूर्ण इमारत फिरून पाहू आणि त्यांना जिथे अडले, ते दुरुस्त झाल्याशिवाय पूर्णत्वाच्या कागदावर सही करणार नाही. हा ठराव मी या संमेलनापुढे मांडतो आणि तो एकमताने संमत करावा, अशी आपणा सर्वांना कळकळीची विनंती करतो.