गल्लीतल्या दिव्याचा खर्च कुणाचा?

मी सांडोरहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक आहे.

आमच्या वसईत भाजी-फुलं घेऊन पहाटेच्या अंधारात स्टेशन गाठणाऱ्या बाया आहेत. गटाच्या बैठकाही रात्री, जेवणं आटोपल्यावर भरतात. म्हणून रस्त्यावरचा दिवा हा आपला विषय आहे.

मागे एका गावात बैठकीला गेले. गावाचं नाव सांगत नाही. गल्लीतला दिवा दोन महिने बंद होता. एक ताई म्हणाली, "प्रत्येकीने पन्नास रुपये काढू, माणूस आणून दिवा बसवून घेऊ." पैसे जमले, दिवा लागला. मलाही ते बरं वाटलं. पण एका मावशीकडे पन्नास रुपये नव्हते. ती मला म्हणाली, "आता त्यांच्या उजेडातून जायला लाज वाटते." पुढे दिवा परत गेला. बाया पंचायतीत सांगायला गेल्या, तर उत्तर मिळालं, "मागच्या वेळी तुम्हीच बसवलात ना?"

तेव्हा मला चूक कळली. रस्ता सगळ्यांचा, तर त्यावरचा उजेडही सगळ्यांचा. त्याचा खर्च वर्गणीतून नाही, करातून व्हायला हवा. आणि खांबावर खासगी माणूस चढवणं जिवावर बेतू शकतं, ते वेगळंच.

कर आपण भरतोच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती काढून बघा. त्यात 'दिवाबत्ती कर' असा वेगळा रकाना असतो. शहरात रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे कायद्यानेच महापालिकेचं बंधनकारक काम आहे. आमच्याकडे ३ जुलै २००९ ला वसई-विरार महापालिका झाली. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र आली. कार्यालय बदललं, तरी दिव्याची जबाबदारी स्थानिक संस्थेचीच राहिली.

मग पैसा कुठे अडतो? २०२१ मध्ये थकलेल्या बिलांमुळे महावितरणने राज्यातल्या अनेक गावांतल्या पथदिव्यांची वीज तोडली. सरकार म्हणालं, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल भरा. सरपंच म्हणाले, तो निधी विकासकामांचा आहे, दिव्यांचं बिल आजवर शासन भरत आलंय. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं होतं. पण त्यांचा वाद चालू असताना अंधारातून चालत होतो आपण.

माझं मत सांगते. रोजची देखभाल, म्हणजे दिवा बदलणं, वायर बघणं, हे गावाच्या करातून व्हावं. छोट्या पंचायतीला वीजबिल झेपत नसेल, तर शासनाने हात द्यावा. पण आपणही घरपट्टी थकवायची आणि उजेड मागायचा, हे चालणार नाही. गटात हप्ता थकला तर आपण विचारतो ना? तसंच हे.

आता काय करायचं? दिवा बंद दिसला की खांबाचा नंबर लिहून घ्या. अर्ज लेखी द्या, गटाच्या लेटरहेडवर, आणि पोच घ्या. नुसता दिवा गेला असेल तर पंचायतीत किंवा पालिकेत जा. तार लोंबत असेल, खांबाला करंट येत असेल, तर हात लावू नका, लगेच महावितरणला १९१२ वर फोन करा.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे एकच प्रश्न विचारा: यंदा दिवाबत्ती कर किती जमला आणि दिव्यांवर किती खर्च झाला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आपण गटाचा पै-पैचा हिशोब ठेवतो, मग गावाचा हिशोब विचारायला का घाबरायचं?

त्या गावातल्या बायांनी शेवटी असाच अर्ज दिला. त्या अर्जावर पहिली सही मावशीने केली.