शेतावरची घरगुती वेधशाळा
(हातकणंगले येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल रात्री किती पाऊस झाला असे विचारले की "चांगला झाला", "सऱ्या भरल्या", "नुसती भुरभुर होती" अशी उत्तरे मिळतात. पण उसाची पाण्याची पाळी द्यावयाची की पुढे ढकलावयाची, हे अशा उत्तरांवरून ठरत नाही. त्यासाठी आकडा लागतो आणि तो आपल्याच शेतातला लागतो.

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेस गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. आपला हातकणंगले तालुका वारणा आणि पंचगंगेच्या मधला. वळवाचा पाऊस आळत्याला झोडपतो, तेव्हा कुंभोजला धूळ उडत असते. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ही मोठीच सोय झाली. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात. आपल्या बांधावर काय पडले, हे आपणच मोजले पाहिजे.

पर्जन्यमापक

१६ सें.मी. व्यासाचे नरसाळे घ्या व ते पाच लिटरच्या कॅनवर घट्ट बसवा. या नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौ. सें.मी. भरते, म्हणून कॅनमध्ये जमलेले २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मि.मी. पाऊस. पाणी मोजपात्राने मोजा आणि २० ने भागा. कॅन मोकळ्या जागी पक्का रोवा. झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा. रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचीही हीच वेळ आहे, त्यामुळे तुलना करता येते.

एका गुंठ्यावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे १०१ लिटर पाणी. एकरावर २५ मि.मी. पडला तर सुमारे एक लाख लिटर पाणी फुकट मिळाले. त्यातले काही वाहून जाते हे खरे, पण इतका पाऊस मुरल्यावर दुसऱ्याच दिवशी मोटार सुरू करणे म्हणजे वीज आणि खत दोन्ही वाया घालविणे होय.

तापमान व आर्द्रता

तापमापकाला ऊन लागू नये, पण वारा लागला पाहिजे. त्यासाठी झडपांची लाकडी पेटी करून तिला पांढरा रंग द्या, ती जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवा आणि दार उत्तरेस करा.

येथे माझी चूक सांगतो. माझा पहिला तापमापक मी पत्र्याच्या पडवीखाली टांगला होता. एप्रिलात तो ४६ अंश दाखवी. महिनाभर मी ते आकडे लिहिले आणि विद्यार्थ्यांनाही दाखविले. पुढे तोच तापमापक पेटीत ठेवला, तेव्हा सात अंशांचा फरक पडला. मी पत्र्याची उष्णता मोजत होतो! ती पाने रद्द करावी लागली.

पेटीत सारखे दोन तापमापक ठेवा. एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडा. कोरडा तापमापक ३० अंश सेल्सिअस असताना ओला त्याहून २ अंशांनी कमी असेल तर आर्द्रता सुमारे ८५ टक्के, ४ अंशांनी कमी असेल तर सुमारे ७२ टक्के आणि ८ अंशांनी कमी असेल तर ५० टक्क्यांच्या आत समजावी. सोयाबीन फुलोऱ्यात असताना हवा थंड-दमट राहून सकाळी हा फरक सलग काही दिवस एक अंशाच्या आत राहिला, तर पाने बराच वेळ ओली राहतात. तांबेऱ्याला हेच हवे असते. अशा वेळी पानांची खालची बाजू रोज पाहावी.

हवेतील धूळ व धूर

कोल्हापूर शहरात हवेची सरकारी मोजणी होते. आपल्या शिवारातील हवा मात्र आपल्यालाच पाहावी लागते. बाजारात लेसर किरणांवर चालणारे लहान धूळमापक मिळतात. घरातील आयटीआयला किंवा अभियांत्रिकीला शिकणारा मुलगा वा मुलगी ते मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडू शकते. मोबाईलच्या चार्जरवर ते चालते. यंत्र वळचणीखाली, चुलीपासून व रस्त्यापासून दूर बसवा. सूक्ष्म धुळीची, म्हणजे पीएम २.५ ची, आपल्या देशातील मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. एक लक्षात ठेवा. धुके किंवा फार दमट हवा असेल तर हे यंत्र आकडा वाढवून दाखविते. म्हणून धुळीच्या आकड्याशेजारी आर्द्रता लिहिल्याशिवाय तो वाचू नये.

आमच्या घरी वडिलांना दमा आहे. हिवाळ्यात रात्री धाप वाढे आणि आम्ही थंडीला दोष देत असू. यंत्र बसविल्यावर दिसले की काही संध्याकाळी सातनंतर आकडा दुपारच्या कितीतरी पट चढतो. वहीतील तारखा पडताळल्या. त्या दिवशी आसपासच्या फडांत पाचट पेटविलेले होते. थंडीत सायंकाळनंतर जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, त्यामुळे धूर वर जात नाही, वस्तीतच कोंडतो. त्या फडांपैकी एक आमचाच होता. तेव्हापासून आम्ही पाचट जाळत नाही, सरीत कुजवितो.

नोंदवही आणि मर्यादा

एक शंभर पानी वही करा. त्यात तारीख, पाऊस, कमाल व किमान तापमान, ओला-कोरडा फरक, धूळ आणि शेरा असे रकाने आखा. शेऱ्यात पाणी, फवारणी, कीड-रोग लिहा. मोजायचे राहिले तर तेथे रेघ मारा, अंदाजाने आकडा भरू नका. खोट्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. घरच्या नोंदीवर शासकीय मदत मिळत नाही, तेथे शासकीय केंद्राचीच नोंद धरतात. आणि अंगणातील पर्जन्यमापकावरून पुराचा अंदाज कधीही बांधू नका. २०१९ व २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. आपल्याकडे उघडीप असली तरी पश्चिमेकडील पावसाने नदी चढते. त्यासाठी राजाराम बंधाऱ्याची पातळीच ऐकावी. तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. नदीकाठच्यांनी जनावरे हलविण्याची तयारी इशाऱ्यालाच करावी.

मृग तोंडावर येण्याआधी नरसाळे आणि कॅन तरी बसवा. बाकीचे सावकाश जोडता येईल. पुढील मेळाव्याला येताना आपापली वही घेऊन या. गावोगावचे आकडे शेजारी मांडून पाहू.