अंबिकातनयदत्त : मराठी घरांतील कानडी कवि

मातृभाषेवांचून खरी कविता संभवत नाहीं, असें साहित्याच्या चर्चेंत वारंवार सांगण्यांत येतें. परक्या भाषेंत विद्वत्ता संपादन करतां येते, व्यवहार करतां येतो, वक्तृत्वही गाजवितां येतें. परंतु अंतःकरणाच्या गाभ्यांतून उमटणारा शब्द मनुष्याला आईच्या मुखांतूनच मिळावा लागतो, असा या म्हणण्याचा आशय आहे. हा सिद्धांत बहुतेक ठिकाणीं खरा ठरतो. पण धारवाडच्या एका मराठी घरांत जन्मलेल्या कवीचें चरित्र पाहिलें म्हणजे ‘मातृभाषा’ या शब्दाचा अर्थच पुन्हां एकदां तपासून पाहावा असें वाटूं लागतें. हा कवि म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. आधुनिक कानडी काव्यांत ज्यांचें नांव कुवेंपूंच्या बरोबरीनें घेतलें जातें आणि ज्यांना कर्नाटकांतील रसिक ‘वरकवि’ या बहुमानाच्या पदवीनें ओळखतात, त्या बेंद्र्यांच्या घरांतील बोलणें मराठी होतें!

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजीं धारवाड येथें एका चित्पावन कुटुंबांत झाला. घराण्यांत वेदविद्येची आणि संस्कृत अध्ययनाची परंपरा होती. संपत्तीची मात्र नव्हती. वडील लहानपणींच निवर्तले आणि मुलाचें संगोपन आई व आजी या दोन स्त्रियांवर येऊन पडलें. आईचें नांव अंबिका. कानडी वळणानें अंबव्वा. पुढें कवीनें जें नांव आपल्या काव्यासाठीं घेतलें, तें या माउलीचेंच : ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त. कुलनाम मागें राहिलें, पित्याचें नांवही मागें राहिलें, आणि आईच्या नांवापासून कवीच्या ओळखीला आरंभ झाला.

त्या काळचें धारवाड मुंबई इलाख्यांत मोडत असे. एकोणिसाव्या शतकांत तेथील कचेऱ्यांत आणि शाळांत मराठीचें मोठें प्रस्थ होतें. सुशिक्षित म्हणविणारा कानडी गृहस्थदेखील पत्रव्यवहार मराठींत करी. या परिस्थितीला उत्तर म्हणूनच १८९० सालीं धारवाडांत ‘कर्नाटक विद्यावर्धक संघ’ स्थापन झाला. म्हणजे ज्या गांवीं बेंद्रे वाढले, तेथें मराठी ही प्रतिष्ठेची भाषा आणि कानडी ही बाजाराची, शेताची व देवळाच्या ओट्याची भाषा होती. घरांतून बाहेर पाऊल टाकलें कीं त्या मुलाच्या कानांवर भाजी विकणाऱ्या बायांचें बोलणें, दळणाचीं गाणीं, लावण्या, दासांचीं पदें आणि भिक्षेसाठीं फिरणाऱ्या जोग्यांचे सूर पडत. भाषा त्याला पुस्तकांतून मिळाली त्याहून अधिक ती रस्त्यावर मिळाली, आणि हेंच त्याच्या पुढील सर्व काव्याचें भांडवल ठरलें.

मॅट्रिकच्या परीक्षेनंतर बेंद्रे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत दाखल झाले. पुणें हें त्या वेळीं मराठी वाङ्मयाचें माहेरघर. घरची भाषा मराठी, शिक्षण पुण्याचें, संस्कृताचा व्यासंग चांगला. अशा तरुणानें मराठी कवींच्या मांदियाळींत जाऊन बसावें, यांत नवल वाटण्यासारखें कांहींच नव्हतें. उलट तसें घडलें नाहीं, हेंच नवल! १९१८ मध्यें बी. ए. होऊन ते धारवाडास परतले, शिक्षकाचा पेशा पत्करला आणि कानडींत लिहूं लागले. १९२२ सालीं त्यांचें ‘कृष्णकुमारी’ हें काव्य प्रसिद्ध झालें.

परंतु एकट्यानें कविता लिहून भाषेचा उत्कर्ष होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांच्याभोंवतीं धारवाडांत ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रमंडळ, या नांवाचा समुदाय जमला. वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, शंबा जोशी, बेटगेरी कृष्णशर्मा यांच्यासारखीं माणसें त्यांत होतीं. गोकाक पुढें स्वतः ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी झाले. शंबा जोश्यांनीं कानडी व मराठी संस्कृतींच्या मूळ नात्याचा शोध घेण्यांत आयुष्य वेंचलें आणि त्या विषयावर मराठींतही ग्रंथ लिहिला. पुण्यांत रविकिरण मंडळाचे कवि एकत्र येऊन कविता वाचीत होते, त्याच सुमारास धारवाडांत ही मंडळी कानडीला नवा प्राण देत होती.

बेंद्र्यांची कविता सर्व कर्नाटकाच्या कानीं गेली ती १९२९ सालीं, बेळगांवच्या कन्नड साहित्य संमेलनांत. मास्ति वेंकटेश अय्यंगार हे त्या संमेलनाचे अध्यक्ष होते. तेथें बेंद्र्यांनीं काळरूपी पक्ष्याच्या उड्डाणावरील आपली कविता म्हटली. हा पक्षी दिवस आणि रात्र यांचे रंग पंखांवर घेऊन निघतो. राज्यें आणि साम्राज्यें त्याच्या झेपेखालीं धुळीस मिळतात. आणि पाहणाऱ्याची पापणी लवण्यापूर्वीं तो कोठल्या कोठें निघून जातो. विषय तत्त्वज्ञाचा, पण भाषा अंगणांतल्या माणसाची. प्रत्येक कडव्याच्या शेवटीं शेजाऱ्याला हांक मारून विचारावें तसा प्रश्न. म्हैसूरकडील विद्वानांना धारवाडी बोलींत एवढें सामर्थ्य असेल, याची तोंवर कल्पना नव्हती.

हें सामर्थ्य नेमकें कशांत आहे? कानडी स्त्रिया दळतांना जीं गाणीं म्हणत, त्यांचें ‘त्रिपदी’ हें वृत्त आपल्या जात्यावरच्या ओवीचें सख्खें भावंड आहे. शिष्ट साहित्यानें या गाण्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलें होतें. बेंद्र्यांनीं त्यांची लय उचलली, लावणीचा ठेका उचलला, बोलींतील द्विरुक्त आणि अनुकरणवाचक शब्दांचा नाद उचलला. आणि त्या साधनांनीं उपनिषदांतील विचारही सांगितला व पोटाची भूकही सांगितली. धारवाडच्या बोलींत मराठी आणि उर्दू शब्दांची जी सरमिसळ होती, तीही त्यांनीं लपविली नाहीं. संपत्तीच्या आंधळ्या तांडवावरील त्यांची कविता ऐकतांना शब्दांचा अर्थ न कळणाऱ्यालाही पावलांचा आवाज ऐकूं येतो, तो या नादामुळें. म्हणूनच त्यांच्या काव्याचें भाषांतर अतिशय अवघड. अर्थ दुसऱ्या भाषेंत नेतां येतो. नाद मागें राहतो. ‘नादलीले’ हें त्यांच्या एका संग्रहाचें नांवच या दृष्टीनें पुरेसें बोलकें आहे.

ज्या भाषेला आपलें म्हणावें, तिच्यासाठीं किंमतही द्यावी लागते. बेंद्र्यांना ती लवकरच द्यावी लागली. १९३२ सालीं त्यांचा ‘गरी’, म्हणजे ‘पीस’, हा संग्रह बाहेर पडला. त्यांतील ‘नरबलि’ ही कविता इंग्रज सरकारला राजद्रोही वाटली. कवीला हिंडलग्याच्या तुरुंगांत धाडण्यांत आलें आणि त्यानंतर धारवाडजवळील मुगद या खेड्यांत स्थानबद्ध करून ठेवण्यांत आलें. शिक्षकाची नोकरी गेली. पुढें कित्येक वर्षें स्थिर उत्पन्न नव्हतें, आणि संसार तर मोठा होता. त्या हलाखींतच १९३५ मध्यें त्यांनीं एम. ए. ची परीक्षा दिली आणि नियतकालिकांच्या संपादनाचें काम केलें. त्याच काळांत लिहिलेलें ‘सखीगीत’ हें दीर्घकाव्य त्यांच्या सहजीवनाची कहाणी सांगतें; त्यांत पत्नी लक्ष्मीबाई यांच्या सोबतीनें काढलेले दारिद्र्याचे दिवस कोठेंही तक्रार न करतां आले आहेत.

दारिद्र्याहूनही मोठें दुःख दुसरेंच होतें. त्यांचीं अनेक अपत्यें लहानपणींच दगावलीं. आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली पत्नी पतीकडे एकटक पाहत आहे आणि तो तिला त्या दृष्टीनें न पाहण्याविषयीं विनवीत आहे, अशा प्रसंगावरील त्यांची कविता कानडी घरांत आजही डोळ्यांतील पाण्यावांचून म्हटली जात नाहीं. तींत आक्रोश नाहीं. नवरा-बायको एकमेकांशीं बोलतात तितकेच मोजके, बोलीभाषेंतले शब्द आहेत. येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मनुष्य आनंद कोणत्याही भाषेंत गाईल, पण अपत्यवियोगाच्या क्षणीं तो जी भाषा बोलेल तीच त्याची खरी भाषा. मराठी घरांतील या पित्याचें दुःख कवितेंत उतरलें तें कानडींतच. मग त्याची मातृभाषा कोणती?

या प्रश्नाचें उत्तर बेंद्र्यांनीं आपल्या परीनें देऊन ठेवलें आहे. माणसाला एक नव्हे, पांच माता असतात, असें ते म्हणत : विश्वमाता, भूमाता, भारतमाता, कन्नडमाता आणि जन्मदात्री. अंबिकातनयदत्त हा या सर्वांचा पुत्र. तो अंतर्यामीं बोलतो आणि बेंद्रे नांवाचा मनुष्य तें कानडींत उतरवून लोकांपुढें ठेवतो, अशी त्यांची धारणा होती. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे जन्मदात्रीची मराठी आणि कन्नडमातेची कानडी यांत कोठेंच वैर उरत नाहीं. एकीनें जन्म दिला, दुसरीनें वाचा दिली. पुत्रानें दोघींचेंही ऋण मानलें.

मराठीचें ऋण त्यांनीं केवळ मानलें नाहीं, तर फेडलेंही. १९४३ सालीं शिमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविल्यावर, पुढील वर्षीं ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयांत कानडीचे प्राध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत तेथें राहिले. सोलापूर हें या कामासाठीं जणूं ठरवून ठेवलेलें शहर. ज्यांच्या मंदिराभोंवतीं तें वसलें आहे, ते सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकांतील कानडी वचनकार. आणि तेथून जवळच असलेल्या पंढरपूरच्या विठ्ठलाला तर ज्ञानदेवांनींच कानडा म्हटलें आहे. या विठ्ठलसंप्रदायाविषयीं बेंद्र्यांनीं मराठींत लेखन केलें. त्यांच्या ‘संवाद’ या मराठी ग्रंथाला १९६५ सालीं केळकर पारितोषिक मिळालें. कानडी कवीच्या मस्तकावर मराठीनें ठेवलेला हा हात फारसा गाजला नाहीं. पण तो आईचा हात होता.

सोलापुराहून परतल्यावर ते धारवाड आकाशवाणीचे सल्लागार झाले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनीं पांच संग्रह एकत्र करून ‘अरळु मरळु’ या नांवानें प्रसिद्ध केले. या नांवांत मोठी गंमत आहे. आपल्याकडे ‘साठी बुद्धि नाठी’ म्हणतात, त्याच अर्थीं कानडींत साठीला ‘अरळु मरळु’ म्हणण्याची रूढि आहे. पण शब्द सुटे करून पाहिले तर ‘अरळु’ म्हणजे उमलणें आणि ‘मरळु’ म्हणजे पुन्हां फिरून येणें. म्हातारपणाच्या टिंगलीलाच कवीनें पुन्हां उमलण्याचें नांव केलें! या ग्रंथाला १९५८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९६४ मधील ‘नाकु तंती’, म्हणजे ‘चार तारा’, या संग्रहासाठीं १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांति यांच्यासमवेत देण्यांत आला. उतारवयांत त्यांना अंकांचें वेड लागलें होतें. एकविसाचा वर्ग जो ४४१, त्यांत ते विश्वाच्या रचनेचें सूत्र शोधीत. कित्येकांना तें कोडेंच वाटे. पण ज्यानें जन्मभर शब्दांतील ताल मोजला, त्याला अखेरीस संख्येंतही नाद ऐकूं यावा, हें त्याच्या प्रकृतीला धरूनच झालें. १९८१ सालीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. धारवाडच्या साधनकेरींतील त्यांचें घर तळ्याकाठच्या त्या वस्तीची ओळख होऊन राहिलें आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कानडी आणि मराठी या दोन शेजारणींच्या मध्यें वादाची एक रेषा आली, आणि त्या वादांत प्रत्येक गांवाची भाषा मोजण्यांत आली. बेंद्रे स्वतः कर्नाटकाच्या एकीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. तें त्यांनीं कधीं झांकलें नाहीं. तरीही त्यांना अमुक एका बाजूच्या खानेसुमारींत बसविणें कोणालाही जमण्यासारखें नाहीं. जन्मानें मिळालेली भाषा हा वारसा असतो, आणि वारसा न मागतां मिळतो. ज्या भाषेसाठीं माणूस उपाशी राहतो, तुरुंगांत जातो आणि आपलें सर्वांत खोल दुःख जिच्या स्वाधीन करतो, ती भाषा त्यानें मिळविलेली असते. कानडीला बेंद्र्यांच्या रूपानें आपला वरकवि लाभला. मराठीनें त्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. मुलगा शेजारच्या घरांत मोठा झाला, एवढेंच. त्याच्या ओठांवर नांव अखेरपर्यंत आईचेंच होतें.