नीळ, प्लॅटिनम आणि सौरघट

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



संस्कृतातील 'नीली' अरबीत 'अन्-नील' झाली, पोर्तुगीजांनी तिला 'अनिल' केले आणि १८४० मध्ये फ्रिट्शे या रसायनज्ञाने निळीपासून मिळवलेल्या तेलकट द्रवाला 'ॲनिलिन' हे नाव दिले. आज त्या ॲनिलिनचा सूर्याशी आलेला संबंध सांगायचा आहे.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथून ओ'रीगन व ग्रेट्झेल यांनी रंजकद्रव्यावर चालणारा सौरघट जगापुढे मांडला. भिंतीच्या रंगात घालतात त्याच टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर रंजक चढवलेले असते. प्रकाश पडताच रंजकातून इलेक्ट्रॉन सुटतो, बाहेरच्या तारेतून फिरून मागच्या विद्युत अग्रावर येतो आणि आयोडीनयुक्त द्रावणामार्फत रंजकाकडे परततो. ही परतीची क्रिया वेगाने घडावी म्हणून मागच्या काचेवर प्लॅटिनमचा लेप देतात. लेप अत्यंत पातळ असतो हे मान्य. पण जगातील बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून निघते आणि आपल्याला ते आयात करावे लागते.

प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही, असे आपण शाळेत शिकलो. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी ती समजूत मोडली. २००० सालचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. अशा विद्युतवाहक बहुवारिकांपैकी एक म्हणजे पॉलिॲनिलिन. २००८ मध्ये चीनमधील संशोधकांनी त्याचा सच्छिद्र थर प्लॅटिनमच्या जागी वापरला आणि ७.१५ टक्के कार्यक्षमता मिळवली. सच्छिद्रतेमुळे क्रियेला अधिक पृष्ठभाग मिळतो. दोषही आहे : आम्लाचा अंश निघून गेला की त्याची वाहकता घटते. म्हणून अनेकांनी 'पेडॉट' हे अधिक स्थिर बहुवारिक पसंत केले.

सिलिकॉनचे घट आज स्वस्त आहेत आणि त्यांची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या पुढे आहे. उघड्या छतावर रंजकाचा घट त्यांच्यापुढे टिकणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याचे क्षेत्र घरातील मंद उजेडाचे, लहान उपकरणांचे.

मग हा खटाटोप कशासाठी? १८९७ मध्ये जर्मनीच्या बी.ए.एस.एफ.ने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि आपला निळीचा व्यापार काही वर्षांत कोसळला. चंपारणच्या शेतकऱ्यांनी मळेवाल्यांचा जुलूम सोसलाच होता. पीक आपले, कष्ट आपले, पण प्रक्रियेचे ज्ञान परक्यांचे. पूर्वजांच्या निळीचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु अभिमानाने इलेक्ट्रॉन हलत नाही! आज ॲनिलिन भडोचला तयार होते. त्यापासून टिकाऊ विद्युत अग्र बनवण्याची हातोटी मात्र प्रयोगशाळेतच कमवावी लागेल.

येथे बसलेल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, कारण ॲनिलिन विषारी आहे, एक प्रयोग अवश्य करावा. थंड आम्लात ॲनिलिन घेऊन त्यात अमोनियम परसल्फेट मिसळावे. द्रावण आधी निळे होते, मग गडद हिरवे.