डबा कुणाचा? हास्केलमध्ये साधा चॅटबॉट

  

माझ्या वहिनी वडोदऱ्यात डबे देतात. पंचवीसेक घरं. रात्री उशिरापर्यंत फोन चालू: "उद्या नको", "दोन पोळ्या जास्त द्या". म्हणून मी त्यांना टेलिग्रामवर एक बॉट करून दिला, हास्केलमध्ये. हास्केलच का? मला येतं म्हणून. पायथनमध्येही झालाच असता.

'टेलिग्राम-बॉट-सिंपल' ही लायब्ररी वापरली. तिची मांडणी एल्म भाषेच्या धर्तीवर आहे. मॉडेल म्हणजे बॉटला या क्षणी काय ठाऊक आहे ते. ॲक्शन म्हणजे काय काय घडू शकतं: डबा सांगणं, रद्द करणं, यादी बघणं. हँडलर हे एक फंक्शन. ते ॲक्शन आणि जुनं मॉडेल घेतं, नवं मॉडेल देतं, आणि उत्तर पाठवण्यासारखी बाहेरची कामं त्याला जोडून देतं. जुन्या मॉडेलवर खाडाखोड नाही. बॉटफादरकडून टोकन घेतलं की बॉट बोलायला लागतो.

मी एकट्याने तपासलं, चोख चाललं. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी "रद्द" लिहिलं आणि डबा गेला भलत्याच आजोबांचा. एकटे राहतात, मधुमेह आहे, इन्सुलिन घेऊन डब्याची वाट बघत बसले होते. वहिनी स्वतः धावत गेल्या. मला फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमचं मशीन बंद करा."

झालं काय होतं? मॉडेलमध्ये मी 'चालू ऑर्डर' ठेवली होती. पण सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून मॉडेल एकच! लायब्ररीत यावर सोय आहे. 'कॉन्व्हर्सेशनबॉट'मध्ये बॉट गुंडाळायचा आणि 'अपडेटचॅटआयडी' द्यायचं; मग प्रत्येक चॅटला स्वतःचं मॉडेल मिळतं. एका ओळीचा बदल. मी ती ओळ वाचली होती, गरज नाही म्हणून सोडली होती.

कंपायलरने का पकडलं नाही, असं मला नेहमी विचारतात. कारण माझ्या टाइपमध्ये 'ऑर्डर' होती, 'कुणाची ऑर्डर' नव्हती. जे सांगितलंच नाही ते तो कसं राखणार? आता चॅट आयडी दिल्याशिवाय ऑर्डर तयारच होत नाही.

मग नवी अडचण. प्रत्येकाचं मॉडेल वेगळं, पण वहिनींना सकाळी सगळ्यांची एकत्र यादी हवी. शिवाय मॉडेल मेमरीत असतं, बॉट पुन्हा सुरू केला की पाटी कोरी. म्हणून पक्क्या ऑर्डरी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये गेल्या, मॉडेलमध्ये फक्त अर्धवट राहिलेलं बोलणं. ही विभागणी पहिल्याच दिवशी करा, नंतर फार उसवावं लागतं.

बॉट आता चालू आहे. रद्द करण्याआधी तो नाव आणि तारीख दाखवून विचारतो. आजोबा मात्र फोनच करतात, आणि वहिनी तो उचलतात.

चला, आता कोड उघडतो.