उकल आणि उसवण

इंग्रजी समानार्थी शब्दांच्या कोशांत ‘अनटँगल’, ‘डिसएन्टँगल’ आणि ‘अनरॅव्हल’ हे शब्द हमखास शेजारी सापडतात, आणि एकाच्या जागी दुसरा खुशाल घालावा असा आपला समज होतो. पीटर मार्क रोझे यांनी १८५२ साली आपला ‘थिसॉरस’ छापला तो कल्पनांनुसार शब्द मांडण्यासाठी. शेजारचे शब्द अदलाबदलीचे आहेत अशी हमी ती मांडणी देत नाही. पहिले दोन शब्द एका बाजूला आणि ‘अनरॅव्हल’ दुसऱ्या बाजूला, असं माझं म्हणणं आहे. क्रिया दिसायला सारखीच, एकमेकांत अडकलेले धागे सुटे होतात. पण ‘डिसएन्टँगल’मध्ये ते अडकणं मुळात नकोच असतं. ‘अनरॅव्हल’ मात्र हव्या असलेल्या विणीलाही लागू होतो, आणि तिथे धागा सुटला की वस्त्रच जातं.

होमरच्या ‘ओडिसी’तली पेनेलपी सासऱ्यासाठी दिवसा कफन विणते आणि लग्नाला उतावीळ झालेल्यांना थोपवण्यासाठी रात्री ते उसवते. या रात्रीच्या कामाला इंग्रजीत ‘अनरॅव्हल’ म्हणतात, ‘अनटँगल’ म्हटलं तर हसू येईल, कारण तिच्या विणीत गुंता नव्हताच. गंमत म्हणजे बापडा मूळ शब्द ‘रॅव्हल’ स्वतःच दुतोंडी आहे. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात त्याचे गुंतवणे आणि वीण उसवणे असे दोन्ही अर्थ आहेत. शेक्सपिअरचा मॅक्बेथ झोपेविषयी बोलताना गुंतलेल्या रेशमासाठी तो वापरतो. हॅम्लेट आईशी बोलताना त्याच शब्दाने गुपित उघड करण्याविषयी बोलतो. याला शब्दाचा गोंधळ म्हणू नये. विणीतून सुटलेला धागा लगेच दुसऱ्या धाग्यात अडकतो, म्हणजे वस्त्राकडून पाहिलं तर ते सुटणं, धाग्याकडून पाहिलं तर गुंतणं. म्हणूनच पुढे लागलेला ‘अन’ कधी अर्थ उलटवतो, तर कधी नुसता जोर देतो.

यावर कोणी म्हणेल, व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. मान्य. ‘सॉल्व्ह’ आणि ‘अ‍ॅनालिसिस’ यांच्या मुळाशी अनुक्रमे लॅटिन आणि ग्रीक ‘सोडवणे’ आहे, पण गणित सोडवणाऱ्या इंग्रज पोराला ते जाणवत नाही. म्हणून पुरावा आजच्या वापरातून घेऊ. रहस्य ‘अनरॅव्हल’ झालं तर आनंद, शांतता करार ‘अनरॅव्हल’ झाला तर अनर्थ. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हा फरक व्याकरणाचा असेल, कोणी मुद्दाम केलं तर उकल, आपोआप झालं तर विनाश. पण रहस्यही आपोआप ‘अनरॅव्हल’ होऊ लागतं आणि तरी ती उकलच. उलट एखादा नवा पुढारी आधीच्या सरकारचं धोरण मुद्दाम ‘अनरॅव्हल’ करतो, तिथे मोडतोडच असते. निर्णय कर्त्यावर नाही, कर्मावर होतो. रहस्यात गुंता असतो, करारात वीण. मराठीत हे आपण दोन क्रियापदांत वाटून घेतलं आहे, रहस्य उलगडतं, शिवण उसवते. त्यामुळे कोशात पहिला अर्थ पाहून ‘करार उलगडला’ असं लिहिणारा अनुवादक करार मोडल्याच्या बातमीला कराराच्या मसुद्याचं स्पष्टीकरण बनवून टाकतो.